गुत्तीच्या निळ्या कोळ्याला नाव दिलं, पण त्याचं वय बाटलीत मावलं नाही : रेजिनाल्ड पोकॉक यांची गोष्ट

फैजपूर-सावदा पट्ट्यातल्या कोणत्याही केळीवाल्याला विचारा, बाग किती महिन्यांची झाली? उत्तराला क्षणही लागणार नाही. मृगबाग आहे की कांदेबाग, कंद लावलाय की टिश्यूची रोपं, निसवण सुरू झाली का, घड कापायला किती दिवस उरले, हे सगळं तो झाडाकडे बघून सांगतो. पिकाचं वय त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

टॅरँटुला नावाच्या केसाळ, तळहाताएवढ्या कोळ्याचं तसं नाही. पूर्ण वाढलेली मादी समोर ठेवली तर ती चार वर्षांची आहे की अठरा, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. गंमत म्हणजे भारतातल्या कितीतरी टॅरँटुलांना शास्त्रीय नाव देणारा माणूस आयुष्याची अठरा वर्षं हेच कोळी बघत बसला होता. त्याने पाय मोजले, डोळे मोजले, केसांच्या रांगा मोजल्या. वय मात्र त्याच्या वहीत कुठेच नव्हतं, कारण त्याच्यापर्यंत पोचणारा जवळजवळ प्रत्येक कोळी मेलेला आणि स्पिरिटमध्ये बुडवलेला असायचा.

त्या माणसाचं नाव रेजिनाल्ड इनेस पोकॉक. वाघ-बिबट्यांवर वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असतं. कोळी पाळणाऱ्यांना तर ते रोज दिसतं, कारण त्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर जातीच्या नावापुढे फार वेळा हेच आडनाव असतं. पण हे दोन्ही पोकॉक एकच, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पाद्र्याचा मुलगा आणि कुणाला नको असलेलं कपाट

पोकॉक यांचा जन्म ४ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनचा. वडील पाद्री. ऑक्सफर्डच्या सेंट एडवर्ड्स शाळेत असताना त्यांना जीवजंतूंचा नाद लागला. तिथे त्यांना एडवर्ड पोल्टन यांच्याकडून शिकायला मिळालं. प्राण्यांचे रंग त्यांना कसे वाचवतात, यावर पुढे मोठं काम केलेले हेच ते पोल्टन. त्यानंतर ब्रिस्टलच्या कॉलेजात जीवशास्त्र आणि भूशास्त्र झालं आणि १८८५ मध्ये, बाविसाव्या वर्षी, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सहायकाची नोकरी लागली.

म्युझियमची साउथ केन्सिंग्टनची भव्य इमारत तेव्हा चार वर्षांची होती. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून खोकी येत होती. पक्षी, फुलपाखरं, शिंगं यांच्या मागे लोक हौसेने लागायचे. एक वर्ष कीटक विभागात काढल्यावर पोकॉक यांच्याकडे आलं ते कोळी, विंचू, गोम आणि वाणी यांचं कपाट.

हे काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. फुलपाखरू टाचणीला टोचून ठेवलं की त्याचा रंग बऱ्यापैकी टिकतो. कोळ्याचं पोट मऊ असतं, वाळवलं की सुकून जातं. म्हणून त्याला स्पिरिटमध्ये ठेवावं लागतं, आणि तिथे त्याचा रंग उडतो. मग ओळखायचं कशावरून? डोळ्यांची मांडणी, पायांची लांबी, नख्यांखालचे केसांचे झुपके, जबड्याच्या बाजूचे काटे यांवरून. पोकॉक यांची नजर अशा बारकाव्यांना सरावली. अठरा वर्षांत त्यांनी सुमारे दोनशे लेख लिहिले. नुसत्या वाणी-गोमींच्याच तीनशेच्या वर जाती त्यांनी नोंदवल्या.

मुंबईच्या दारूच्या दुकानातून येणाऱ्या बाटल्या

या कपाटाचा एक मोठा पुरवठादार होता मुंबईत. १८८३ मध्ये मुंबईतल्या आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्या आठांत दोन भारतीय डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग, आणि दुसरे सखाराम अर्जुन, म्हणजे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील. सोसायटीला जागा दिली हर्बर्ट फिप्सन यांनी. त्यांचा फोर्ब्स स्ट्रीटवर दारूचा व्यापार होता. पुढे वीस वर्षं तेच सोसायटीचे मानद सचिव होते. त्यांच्या हाताखाली आलेले मिलार्ड हे पुढे त्यांच्याच जागी सचिव झाले.

दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत प्राणी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवणारी संस्था चालावी, हा योगायोग मजेशीरच.

कलेक्टर, जंगलखात्याचे अधिकारी, रेल्वेचे इंजिनियर, मिशनरी, चहामळेवाले अशा लोकांना सापडलेलं जे काही ओळखू यायचं नाही, ते मुंबईत यायचं आणि तिथून बोटीने लंडनला जायचं. पोकॉक ते तपासायचे. नवं असेल तर नाव द्यायचे, आणि पुष्कळदा ते वर्णन मुंबईच्याच सोसायटीच्या नियतकालिकात छापून यायचं. म्हणजे सह्याद्रीतला कोळी लंडनला जायचा आणि त्याचं नाव परत मुंबईत छापलं जायचं. पाठवणाऱ्यांची आठवणही नावात राहिली. महाराष्ट्रात आढळणाऱ्या एका मोठ्या विंचवाला फिप्सन यांचं नाव आहे, आणि बिळात राहणाऱ्या एका टॅरँटुलाला मिलार्ड यांचं. नाशिकहून आलेल्या टॅरँटुलासाठी तर पोकॉक यांनी १९०० मध्ये हेटेरोफ्रिक्टस नावाचं नवं कुळच मांडलं.

१८९९ साली त्यांनी मुंबईच्या त्या नियतकालिकात एका कोळ्याचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं पोसिलोथेरिया मेटॅलिका. नमुना मिळाला होता गुत्तीला. मराठी वाचकाला गुत्ती म्हटलं की मुरारराव घोरपडे आठवतात. पोकॉक यांच्या काळापर्यंत ती गुत्ती मद्रास इलाख्यातलं रेल्वेचं ठिकाण झाली होती, आणि हा कोळी तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडला होता. जिवंतपणी या जातीचा रंग झगझगीत निळा असतो, जणू निळ्या धातूचा मुलामा दिलाय.

पुढच्या वर्षी, १९०० मध्ये, त्यांचा भारतातल्या विंचू-कोळ्यांवरचा ग्रंथ निघाला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्राण्यांवर सरकार जी ग्रंथमाला काढत होतं, त्यातला हा एक खंड. त्यात सगळे कोळी नाहीत, पण टॅरँटुला आहेत. सव्वाशे वर्षं होत आली तरी भारतातल्या टॅरँटुलांवर काम करणाऱ्याला आजही तो उघडावाच लागतो.

बाटली काय सांगते आणि काय नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मेलेल्या कोळ्यावरून इतकं सगळं कळतं, तर वय का कळत नाही?

टॅरँटुला वाढतो तो कात टाकून. त्याचं कातडं म्हणजे बाहेरून घातलेलं चिलखत. ते ताणलं जात नाही. आतलं शरीर मोठं झालं की जुनं चिलखत फोडून बाहेर यावं लागतं. कात टाकायच्या आधी कोळी खाणं बंद करतो. मग बहुतेक वेळा पाठीवर उलटा पडतो. बघणाऱ्याला वाटतं मेला. काही तासांत तो एकेक पाय मोज्यातून काढावा तसा जुन्या कातीतून बाहेर काढतो. नुसतं बाहेरचं कातडंच नाही, तर तोंडाच्या आतलं आणि श्वासाच्या पुस्तकासारख्या अवयवांतलं अस्तरही त्या कातीबरोबर जातं. तुटलेला पाय असेल तर तो पुढच्या एक-दोन कातींत परत येतो. नवे सुळे सुरुवातीला इतके मऊ असतात की काही दिवस त्याला शिकार करता येत नाही.

अंड्यातून निघालेलं पिल्लू काही मिलिमीटरचं असतं. लहानपणी ते वर्षातून अनेकदा कात टाकतं. मोठं होईल तसं दोन कातींतलं अंतर वाढत जातं. पूर्ण वाढलेली मादी वर्षा-दोन वर्षांतून एकदाच कात टाकते. आणि प्रत्येक वेळी जुन्या खुणा पुसल्या जातात. झिजलेले केस, टक्कल पडलेलं पोट, गमावलेला पाय, सगळं नवं होतं. झाडाच्या खोडात वर्षागणिक वलयं साठत जातात. इथे दर कातीला हिशेबाची पाटी कोरी होते.

त्यात नर आणि मादी यांचे रस्ते वेगळे. नर एकदा वयात आला की त्याची ती शेवटची कात. त्या कातीनंतर तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या टोकाला फुगीर कुपीसारखे अवयव दिसतात, ते मीलनासाठी. बऱ्याच जातींत पुढच्या पायांवर आकडेही येतात, त्यांनी तो मादीचे सुळे अडवून धरतो. मग तो बीळ सोडून मादीच्या शोधात भटकायला लागतो आणि थोड्याच काळात, काही महिन्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत, मरतो. मादी मात्र वयात आल्यावरही कात टाकत राहते, वाढत राहते. नराचं बीज साठवायच्या पिशव्यांचं अस्तरही प्रत्येक कातीबरोबर जातं, म्हणजे पुढच्या वेळी तिला पुन्हा नर लागतो.

म्हणून बाटलीतला नर एवढं सांगू शकतो की तो वयात आलेला होता. तिथवर यायला त्याला दीड वर्ष लागलं की बारा, हे तो सांगत नाही. बाटलीतली मादी तर त्याहून मुकी. मोठी दिसते म्हणून ती पूर्ण वाढलेली आहे असं नाही, आणि लहान दिसते म्हणून ती पिल्लू आहे असंही नाही. जुन्या काळी एका जातीचं लहान पिल्लू वेगळी जात समजलं जाणं, किंवा नराला एक नाव आणि मादीला दुसरं नाव मिळणं, हे घोटाळे यातूनच व्हायचे. भारतातल्या कितीतरी जाती अनेक दशकं फक्त मादीवरून किंवा फक्त नरावरून माहीत होत्या.

तरी पोकॉक यांनी मेलेल्या नमुन्यांवरून जिवंतपणाचा अंदाज काढायची एक छान खेळी केली होती. काही टॅरँटुला डिवचले की खरखर आवाज करतात. आसामातल्या चहामळ्यांत हे लक्षात आलं होतं आणि कलकत्त्याच्या म्युझियममधल्या वुड-मेसन यांनी १८७० च्या दशकात ते शास्त्रज्ञांपुढे मांडलं. आवाज येतो तो जबड्याच्या बाजूच्या काट्यांवर केसांची फणी घासून. पोकॉक यांनी बाटल्या उघडून पाहिलं, तर हे अवयव नर-मादी दोघांतही होते आणि वयात येण्याआधीच तयार झालेले होते. मग हा आवाज काही जोडीदाराला बोलावण्यासाठी नसणार, शत्रूला बजावण्यासाठीच असणार, असा त्यांचा तर्क. खुळखुळ्या नागाने शेपटी वाजवावी तसा. एखादा अवयव कोणत्या वयात येतो, एवढ्यावरून तो कशासाठी आहे हे ओळखलं. साधी गोष्ट, पण सुचायला लागते.

१९०१ मध्ये अमेरिका खंडातल्या टॅरँटुलांची फेरमांडणी करताना त्यांनी अफोनोपेल्मा नावाचं कुळ वेगळं काढलं. जगातले सर्वात रेंगाळत वाढणारे टॅरँटुला याच कुळात निघणार होते, पण ते कळायला अजून काही दशकं होती.

बाटल्या सोडून पिंजऱ्यांकडे

१९०४ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, पोकॉक यांनी म्युझियम सोडलं. टॅरँटुलांवरचा जगातला पहिल्या फळीतला जाणकार लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा अधीक्षक झाला.

इथे सगळं जिवंत होतं. या संग्रहालयात १८८१ पासून किड्यांसाठी स्वतंत्र घर होतं, आणि १९१३ मध्ये त्याची नवी इमारतही झाली. कोळ्यांना वर्षानुवर्षं डब्यात ठेवून त्यांच्या काती मोजायच्या असत्या, तर याहून चांगली जागा आणि याहून चांगला माणूस मिळाला नसता.

पण तसं झालं नाही. पोकॉक यांचं मन सस्तन प्राण्यांकडे वळलं. वानरांची नाकं, अस्वलांचे पंजे, मुंगसांचे कान असे जिवंत प्राण्यात नीट दिसणारे आणि वाळलेल्या कातड्यात आक्रसून जाणारे भाग ते तपासत राहिले. सिंह-वाघ डरकाळी फोडतात आणि लहान मांजरं घुरघुरतात, हा फरक गळ्यातल्या हाडाच्या रचनेशी जोडून त्यांनी १९१६ च्या सुमारास मार्जारकुळाची वर्गवारी नव्याने मांडली. ती चर्चा आजही चालू आहे. वेगवेगळे इंग्लिश किडे संग्रहालयातल्या पक्ष्या-प्राण्यांपुढे टाकून कोण काय खातं आणि काय थुंकतं, हेही त्यांनी नोंदवलं. तिथे पोल्टन गुरुजींची शिकवण दिसते. १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

टॅरँटुलांच्या वाढीचा प्रश्न तसाच राहिला. त्याला एक साधं कारण आहे. एका जातीला नाव द्यायला पोकॉक यांना चार दिवस पुरत असतील. तीच जात किती वर्षांत वयात येते हे कळायला त्या कोळ्याइतकंच थांबावं लागतं, आणि मधेच नोकरी बदलून चालत नाही.

बारा वर्षं वाट पाहणारा प्राध्यापक

थांबायचं काम केलं अमेरिकेतल्या आर्कन्सॉ विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम बेर्ग यांनी. हा माणूस विलक्षण होता. ब्लॅक विडो कोळ्याचं विष खरंच किती वाईट आहे हे बघायला त्यांनी १९२२ मध्ये स्वतःला चावून घेतलं आणि दवाखान्यात जाऊन पडले. टॅरँटुलांच्या बाबतीत त्यांनी त्याहून अवघड गोष्ट केली, ती म्हणजे धीर धरला.

आर्कन्सॉतल्या टॅरँटुलांना त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवलं. कधी खाल्लं, कधी कात टाकली, याच्या नोंदी ठेवल्या. निष्कर्ष असा की तिथला टॅरँटुला वयात यायला दहा ते तेरा वर्षं घेतो. नर मग वर्षभरात संपतो. मादी वीस वर्षांच्या पुढे जाते. हे कोळी आज ज्या कुळात मोडतात ते पोकॉक यांनी १९०१ मध्ये मांडलेलं अफोनोपेल्माच.

एवढा उशीर का लागतो? टॅरँटुला शिकारीच्या मागे धावत नाही, बिळाच्या तोंडाशी बसून वाट बघतो. एखादा नाकतोडा मिळाला की अनेक दिवस भागतं. शरीर गार, हालचाल कमी, खर्च कमी. थंडीत महिनोनमहिने तोंड बंद. मोठा झाल्यावर कात वर्षातून एकदाच. असा जीव घाईने वाढूच शकत नाही, आणि त्याला घाईची गरजही नसते, कारण खोल बिळातल्या मादीला शत्रू कमी. ऊब आणि खाणं वाढवलं की वाढ थोडी पुढे सरकते, म्हणून एकाच कोशातली दोन भावंडं दोन घरांत वेगवेगळ्या वयात मोठी होतात. पण सावकाश वाढणारी जात कितीही भरवली तरी झपाट्याने वाढणाऱ्या जातीची बरोबरी करत नाही.

कारण सगळे टॅरँटुला असे संथ नसतात. पोकॉक यांनी नाव दिलेले झाडावरचे पोसिलोथेरिया त्यामानाने चपळ. पाळलेल्या अवस्थेत त्यांचा नर साधारण दीड वर्षात आणि मादी दोन-तीन वर्षांत वयात येते. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या टॅरँटुलाची मादी सहा-सात वर्षं किंवा त्याहून जास्त घेते आणि पंचवीस-तीस वर्षं जगू शकते. लंडनच्या कपाटात या सगळ्यांच्या बाटल्या शेजारी शेजारी, एकाच मापाच्या.

हा काळ डोळ्यासमोर आणायचा तर खानदेशातलीच एक तारीख घ्या. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. त्या वर्षी आर्कन्सॉत अंड्यातून निघालेली टॅरँटुलाची मादी १९४७ च्या आसपास, म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हा, पहिल्यांदा वयात आली असती. महाराष्ट्र राज्य झालं त्या १९६० मध्येही ती आपल्या बिळाच्या तोंडाशी बसलेली असू शकली असती. तिच्याबरोबर निघालेला भाऊ ४८-४९ मध्येच गेलेला असता.

पुन्हा म्युझियम, पुन्हा मुंबई

फैजपूरला मंडप उभारला जात होता तेव्हा पोकॉक त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि रोज म्युझियममध्ये जात होते. १९२३ मध्ये प्राणिसंग्रहालयातून निवृत्त झाल्यावर ते ज्या इमारतीतून निघाले होते तिथेच परतले. फरक एवढाच की आता सस्तन प्राण्यांच्या विभागात, आणि बिनपगारी.

मुंबईशी नातंही तसंच चालू राहिलं. वाघांवरचा त्यांचा मोठा लेख १९२९ मध्ये मुंबईच्या सोसायटीच्याच नियतकालिकात आला, मागोमाग आशियातल्या सिंहांवर आणि बिबट्यांवर. तरुणपणी जिथे गुत्तीच्या कोळ्याला नाव दिलं, तिथेच म्हातारपणी वाघाचे पट्टे मोजले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या त्याच ग्रंथमालेत सस्तन प्राण्यांवरचे त्यांचे दोन खंड १९३९ आणि १९४१ मध्ये निघाले. कोळ्यांच्या खंडानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. ९ ऑगस्ट १९४७ रोजी, ज्या देशाचे प्राणी त्यांनी आयुष्यभर तपासले तो स्वतंत्र व्हायला सहा दिवस असताना, ते वारले.

नाव मिळालं, पुढे काय?

गुत्तीच्या निळ्या कोळ्याचा दुसरा नमुना पोकॉक यांच्या हयातीत कुणालाच मिळाला नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ ही जात म्हणजे लंडनच्या बाटलीतला तो एकच कोळी होता. २००१ च्या सुमारास ती पुन्हा सापडली, पण गुत्तीला नाही. सापडली तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, पूर्व घाटातल्या नंद्याल-गिद्दलूरकडच्या जंगलात. झाडाच्या ढोलीत राहणारा हा कोळी लाकडाबरोबर आगगाडीतून गुत्तीच्या वखारीत आला असावा, असं आता मानलं जातं. त्याचं जंगल १०० चौरस किलोमीटरहूनही लहान आहे आणि तो अत्यंत धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

तरी पाळणाऱ्यांच्या दुनियेत हा निळा कोळी दुर्मीळ नाही. युरोप-अमेरिकेत त्याची पैदास घरोघरी होते, कारण तो लवकर वयात येतो. दोन-तीन वर्षांत मादी तयार, तिचे कोश, त्यातून पिल्लं, असा फेरा फिरत राहतो.

संथ वाढणाऱ्या जातींचं गणित नेमकं उलटं आहे. काही मिलिमीटरच्या पिल्लाला सात-आठ वर्षं भरवून मोठं करायचं आणि मग विकायचं, हा धंदा कुणाला परवडणार? त्यापेक्षा जंगलातल्या बिळातून तयार मादी उपसून काढणं स्वस्त पडतं. ती एक मादी म्हणजे त्या माळावरची सात-आठ वर्षांची वाढ आणि पुढच्या वीस वर्षांतले सगळे कोश. मेक्सिकोत लाल गुडघ्यांच्या टॅरँटुलाचं असंच झालं, आणि १९८५ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले. भारत आणि श्रीलंकेच्या पोसिलोथेरियांना असं संरक्षण मिळायला २०१९ उजाडलं. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर अशा आंतरराष्ट्रीय यादीतले प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते. टॅरँटुला पाळायचा विचार असलेल्यांनी आधी हे बघावं.

दुसरी फसवणूक घेणाऱ्याची. ऐटदार, लांब पायांचा, पूर्ण वाढलेला टॅरँटुला दुकानात दिसतो, तो फार वेळा वयात आलेला नर असतो. पंचवीस वर्षं जगणारा प्राणी म्हणून तो घरी येतो आणि वर्षभरात मरतो. पाळणाऱ्याला वाटतं, आपलंच काही चुकलं. खरं तर तोंडाजवळच्या आखूड पायांची टोकं फुगीर आहेत का, एवढं बघितलं तरी कळतं. लहान कोळ्यात ते दिसत नाही, पण त्याची टाकलेली कात पाण्यात भिजवून उलगडली आणि भिंगाखाली धरली की मादीच्या त्या पिशव्यांचं अस्तर दिसतं. म्हणजे जिवंत कोळ्याला हातही न लावता कळतं.

नाशिकच्या नमुन्यावरून पोकॉक यांनी १९०० मध्ये मांडलेल्या हेटेरोफ्रिक्टस कुळाची नीट फेरतपासणी झाली ती २०१४ मध्ये. झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी ती केली, आणि त्याच वेळी या कुळातली एक नवी जात त्यांना सापडली ती मुंबईच्या आरे कॉलनीत. हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस असं तिचं नाव. फिप्सन यांच्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या जागेपासून लोकलने तासाभराच्या अंतरावर.